प्रेस का थांबली, ते पॅनललाच विचारा

दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस बाजारात यायला लागतो, जिन सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत त्याला थांबायला सवड नसते. उरलेलं अर्धं वर्ष शेडला कुलूप. वर्धा जिल्ह्यात पीएलसी बसवायचा विचार करताना हे वेळापत्रक आधी डोळ्यांसमोर ठेवावं लागतं. पीएलसीचे जे फायदे सांगितले जातात ते बहुतेक बारमाही कारखान्यांना धरून असतात: वेग वाढतो, माणसं कमी लागतात, माल एकसारखा निघतो. यातलं खोटं काही नाही. पण हिंगणघाट, देवळी, आर्वी, सेलू इकडच्या जिनिंग-प्रेसिंगवाल्याला त्याचा सगळ्यात मोठा उपयोग वेगळाच आहे. मशीन बंद पडली की ती कशामुळे बंद पडली, हे चटकन कळतं. कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली असताना याची किंमत काय, ते कुठल्याही जिनवाल्याला समजावून सांगायला नको.

भूगावचा पोलाद कारखाना किंवा हिंगणघाटच्या सूतगिरण्या यांच्याकडे या कामासाठी स्वतंत्र माणसं असतात. हा लेख त्यांच्यासाठी नाही. ज्यांच्याकडे एक फिटर, एक वायरमन आणि अडलं की नागपूरहून येणारा एखादा कंत्राटदार आहे, त्यांच्यासाठी आहे.

पीएलसी म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. जुन्या पॅनलमध्ये रिले, टायमर आणि त्यांच्यामधली वायर मिळून ठरवायचे की कोणती मोटार कधी चालू होईल. तेच ठरवण्याचं काम पीएलसीत प्रोग्रॅम करतो. १९६८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंच्या पॅनलला पर्याय मागवला होता, कारण गाडीचं मॉडेल बदललं की सगळं वायरिंग उपसून पुन्हा करावं लागे. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी मोडिकॉन ०८४ हे यंत्र तयार केलं. त्यांच्या कंपनीचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून नावात ८४. एक शहाणपण त्यांनी तेव्हाच दाखवलं: प्रोग्रॅम इलेक्ट्रिशियनला वाचता येईल अशा आकृतीत लिहायचा. दोन उभ्या रेषा, त्यांच्यामध्ये शिडीसारख्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर एनओ-एनसी, म्हणजे एरवी उघडे किंवा एरवी बंद, कॉन्टॅक्ट. तिलाच लॅडर म्हणतात. तुमचा वायरमन स्टार-डेल्टा स्टार्टरचं ड्रॉइंग वाचत असेल, तर लॅडर वाचायला त्याला कॉम्प्युटर इंजिनिअर व्हावं लागत नाही.

आता जिनातलं काम बघू. गंजीवरचा कापूस हवेच्या पाइपाने किंवा पट्ट्याने आत येतो, खडे-माती निघते, प्रीक्लीनरमधून तो वरच्या कन्व्हेयरवर जातो आणि तिथून एकेका रेच्याच्या ऑटोफीडरमध्ये पडतो. रेच्यातून रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. सरकी स्क्रू कन्व्हेयरने आणि एलेव्हेटरने फलाटाकडे, रुई क्लीनरमधून पाला हाउसमध्ये आणि मग प्रेसला. ही सगळी साखळी चालू करताना उलट्या टोकाने चालू करायची असते. सरकीचा एलेव्हेटर आधी, मग स्क्रू, मग रेचे आणि कापूस ओढणारा पंखा सगळ्यांत शेवटी. बंद करताना बरोबर याच्या विरुद्ध. जुन्या माणसाला हे पाठ असतं. पण रात्री दोन वाजता सरकीच्या स्क्रूची मोटार ओव्हरलोडवर ट्रिप झाली आणि रेचे चालूच राहिले, तर पाठ असून उपयोग नाही. काही मिनिटांत सरकी रेच्याखाली तुंबते, ती फावड्याने काढण्यात अर्धी पाळी जाते. पीएलसीत हा इंटरलॉक प्रोग्रॅमच्या एका ओळीत बसतो: स्क्रू फिरतोय असा सिग्नल नाही, तर फीडर बंद आणि थोड्या वेळाने रेचे बंद.

इथे एक बारकी गोष्ट आहे आणि बहुतेक कंत्राटदार तिथेच पैसे वाचवतात. स्क्रू फिरतोय हे कॉन्टॅक्टरच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवरून ठरवू नका. कॉन्टॅक्टर लागलेला असतो, मोटारही फिरत असते, पण व्ही-बेल्ट तुटलेला किंवा चेन उतरलेली असते. सिग्नल घ्यायचा तो स्क्रूच्या शेवटच्या टोकाच्या शाफ्टवरून. तिथे एक लोखंडी पट्टी वेल्ड करायची आणि समोर प्रॉक्सिमिटी सेन्सर लावायचा. शाफ्ट फिरला की टिकटिक येते, टिकटिक थांबली की पीएलसीला कळतं.

हीच साखळी रिलेंनीही बांधता येते, मग पीएलसी कशाला? फरक पडतो तो बंद पडल्यावर. समजा प्रेसची पेटी फिरत नाहीये. रिलेच्या पॅनलमध्ये वायरमन टेस्ट लॅम्प घेऊन एकेका रिलेपाशी जातो, दार उघडतो, वायर हलवून पाहतो. पीएलसीवर प्रत्येक इनपुटसमोर एक बारीक दिवा असतो. पेटी फिरायला कोणत्या पाच-सहा गोष्टी जुळाव्या लागतात, त्याचा कागद पॅनलच्या दाराला आतून चिकटवलेला असला की काम सोपं. मुख्य रॅम खाली आहे, दिवा लागलेला. पेटीत रुई ठोकणारा ट्रॅम्पर वर आहे, लागलेला. लॉकपिन बाहेर आली आहे, हा दिवा मात्र विझलेला. म्हणजे पॅनलमध्ये शोधायचं काही उरलं नाही. सरळ लॉकपिनपाशी जायचं. तिथे बहुधा दिसतं की पिन बाहेर आलेली आहे, पण प्रेसच्या हादऱ्यांनी सेन्सरचा ब्रॅकेट ढिला होऊन मागे सरकला आहे. एम-१८ आकाराच्या साध्या सेन्सरला लोखंड दिसतं ते ५ ते ८ मिलिमीटरपर्यंतच. तेवढं अंतर ओलांडलं की त्याच्या लेखी पिन आतच आहे. एक पाना आणि दोन नट, काम झालं. स्क्रीन बसवली असेल तर हाच निरोप तिच्यावर मराठीत लिहून येतो. तो मराठीतच लिहून घ्या. रात्रपाळीच्या ऑपरेटरला ‘लॉक पिन फीडबॅक फॉल्ट’पेक्षा ‘पिन बाहेर आली नाही, सेन्सर तपासा’ जास्त लवकर कळतं.

प्रेसवर पीएलसीचा दुसरा फायदा गाठीच्या वजनाचा. आपल्याकडची गाठ साधारण १७० किलोची. ट्रॅम्परचे ठोके मोजून किंवा ट्रॅम्परवर येणारा दाब बघून पेटी भरली की नाही हे पीएलसी ठरवतो. रुई ओली-कोरडी असेल त्याप्रमाणे ठोक्यांचा आकडा स्क्रीनवरून बदलता येतो. एक गाठ हलकी, एक भारी असा प्रकार कमी झाला की खरेदीदाराशी होणारी निम्मी वादावादी मिटते.

फीडरचंही तसंच. रेच्याच्या मोटारीचा करंट मोजला की रेचा किती भरला आहे हे कळतं. करंट चढला की फीडर हळू, उतरला की जलद. रिकामा फिरणारा रेचा नुसती वीज खात नाही. कातडी रोलर सुरीवर कोरडा घासत राहतो, तापतो आणि झिजतो. वरच्या कन्व्हेयरवरचा कापूस संपला असेल तर थोडा वेळ वाट पाहून रेचे आपोआप बंद करणं हा पीएलसीच्या प्रोग्रॅममधला सगळ्यात स्वस्त भाग आहे आणि पैसे परत देणारा तोच. कापूस ओढणाऱ्या पंख्यावर मोटारीचा वेग बदलणारा व्हीएफडी असेल तर आणखी सोय होते. पंख्याचा वेग २० टक्क्यांनी कमी केला की त्याला लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. अर्थात वेग इतका उतरवू नका की पाइपात कापूस बसेल. तो आकडा पुस्तकात सापडत नाही, तुमच्या पाइपाच्या लांबीवर आणि वळणांवर ठरतो.

आगीबद्दल. जिनातली आग बहुतेक वेळा खडा किंवा लोखंडाचा तुकडा मशीनमध्ये आपटल्याने, तापलेल्या बेअरिंगने किंवा वायरिंगने लागते. ठिणगी पाइपात शिरली की पंखा तिला फुंकर घालत पाला हाउसपर्यंत नेतो. पाइपात ठिणगी ओळखणारा सेन्सर बसवला, तर पीएलसी क्षणात वळणाची झडप उघडून ती रुई बाहेर टाकतो, पंखा थांबवतो आणि भोंगा वाजवतो. माणूस पळत येईपर्यंत हे उरकलेलं असतं. खर्च करायला जागा कमी असेल तर स्क्रीनवरची रंगीत चित्रं सोडा, पण हे घ्या.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. ऑटोफीडर यायच्या आधी रेच्यांत कापूस हाताने टाकला जायचा आणि ते काम मुख्यतः बाया करायच्या, दिवसभर धुळीत उभ्या राहून. त्या धुळीतून सुटका झाली हे चांगलंच, पण कामही गेलं. नवीन पॅनल चालवायला बाहेरचा माणूस शोधण्याआधी आपल्याच कामगारांच्या घरात आयटीआय झालेलं पोर किंवा पोरगी आहे का, ते बघा. असे लोक हंगाम सोडून जात नाहीत. नागपूरला सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. ऑपरेटरला तिथे पाठवलं तर जिनिंगची बाजू पक्की होते आणि पॅनल सांगतो ते त्याला नीट उमगतं.

पीएलसी कुठे नको, हेही सांगतो. तीन मोटारी आणि एक टायमर एवढंच काम असेल, तर साधा स्टार्टर आणि टायमर पुरे. शेतातल्या पंपाला, छोट्या पिठाच्या गिरणीला पीएलसी म्हणजे हौस. गणित असं करा: इंटरलॉकसाठी दहा-बारा रिले लागत असतील, किंवा वेळा आणि क्रम हंगामात बदलावे लागत असतील, तर पीएलसी, नाहीतर राहू द्या.

पुष्कळ जिनांत प्रश्न नव्या पॅनलचा नसून जुन्याचा आहे. २००० साली टेक्नॉलॉजी मिशन ऑन कॉटन सुरू झालं आणि त्याच्या चौथ्या मिनी मिशनमधून जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळालं. त्या लाटेत बसलेले पॅनल आता म्हातारे झालेत. त्यातल्या काही पीएलसींचं उत्पादनच बंद आहे. उदाहरणार्थ सीमेन्सचा एस-७ २०० गेला, त्याच्या जागी एस-७ १२०० आला, आणि जुना प्रोग्रॅम नव्यात जसाच्या तसा ओतता येत नाही. असा पीएलसी तुमच्याकडे असेल तर तो ऐन जानेवारीत मरायची वाट पाहू नका. उन्हाळ्यात बदला.

बदलताना आधी यादी करा. कागदावर दोन रकाने: पीएलसीला काय काय कळायला हवं आणि पीएलसीने काय काय चालवायचं. पहिल्यात बटणं, लिमिट स्विच, सेन्सर, ओव्हरलोडचे कॉन्टॅक्ट, प्रेशर स्विच. दुसऱ्यात कॉन्टॅक्टर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, दिवे, भोंगा. बेरजेत पाचवा हिस्सा जास्तीचा धरा, कारण पहिल्या हंगामातच ‘एवढं एक जोडून द्या’ असं तुम्ही म्हणणार आहात. ही यादी तुमच्या फिटरने करावी, विक्रेत्याने नव्हे. फिटरला ठाऊक असतं की कुठला दरवाजा उघडा राहतो आणि कुठला बेल्ट घसरतो.

ब्रँडवरून फार डोकं खाजवू नका. सीमेन्स, मित्सुबिशी, डेल्टा, श्नायडर, पुण्याची मेसुंग, नवी मुंबईची सेलेक, कुठलाही चालेल. कसोटी एकच: जळाला तर त्याच मॉडेलचा दुसरा नागपूरला दुसऱ्या दिवशी हातात मिळतो का, आणि त्याचा प्रोग्रॅम उघडू शकणारी किमान दोन वेगळी माणसं तुम्हाला माहीत आहेत का. प्रोग्रॅमचं सॉफ्टवेअर काही कंपन्या फुकट देतात, काही विकत. तेही आधी विचारा.

आउटपुटला कॉन्टॅक्टरची कॉइल थेट जोडू देऊ नका. पीएलसीतल्या रिलेचा कॉन्टॅक्ट बहुधा २ अँपिअरचा असतो आणि कॉइल बंद होताना पडणाऱ्या ठिणगीने तो खंगत जातो. मध्ये एक सुटा रिले घाला, जळाला तर थोडक्यात बदलता येतो. २४ व्होल्ट डीसीच्या सोलेनॉइडवर डायोड आहे ना, हे पाहून घ्या.

सेन्सरची निवड धुळीप्रमाणे करा. लोखंड ओळखायचं तिथे इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी. त्याला रुईशी घेणंदेणं नाही. पाला हाउसमध्ये रुईची पातळी बघायला प्रकाशाचा सेन्सर लावतात, पण त्याच्या काचेवर रुई बसली की तो रिकाम्या खोलीलाही ‘भरली’ म्हणतो. लावलाच तर पाळी बदलताना काच पुसण्याचं काम नाव घेऊन कुणाला तरी द्या.

लाल मशरूम बटण फक्त पीएलसीच्या इनपुटला जोडलेलं असेल तर काम परत करायला लावा. इमर्जन्सी स्टॉपने कॉन्टॅक्टरांची वीज थेट तुटली पाहिजे, सेफ्टी रिलेमधून. पीएलसीला नुसती बातमी गेली तरी चालेल. प्रोग्रॅम अडकला, आउटपुटचा कॉन्टॅक्ट चिकटला, तरी प्रेस थांबायलाच हवी. आणि बटणाचा कॉन्टॅक्ट एनसीच असावा, म्हणजे उंदराने वायर कुरतडली तरी मशीन थांबेल, चालत राहणार नाही.

पॅनल कुठे ठेवता यावर निम्मं आयुष्य ठरतं. बहुतेक पीएलसी ५० ते ५५ अंशांपर्यंत चालतात. वर्ध्याचा एप्रिल, वर टिनाचं शेड, आत व्हीएफडी आणि ट्रान्सफॉर्मरची गरमी. पॅनलच्या पोटात हा आकडा सहज गाठला जातो. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे दार उघडून समोर टेबलफॅन. त्याने गरमी उतरते खरी, पण रुईचे तंतू टर्मिनलवर बसतात, आणि रुई पेट घेणारी वस्तू आहे. पॅनल वेगळ्या खोलीत ठेवा. जमत नसेल तर धूळबंद दार, आतल्या आत हवा फिरवणारा पंखा, आणि व्हीएफडी शक्य तर वेगळ्या कपाटात. मशीनपासून खोली थोडी लांब पडली तर वायर जास्त लागेल, लागू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक खरेदीपत्रांत नसतं. मशीन सुरू झाली की लोक पेढे वाटतात आणि प्रोग्रॅम कंत्राटदाराच्या लॅपटॉपमध्ये निघून जातो, पासवर्ड लावून. पुढच्या हंगामात तो फोन उचलत नाही, किंवा उचलतो आणि आकडा सांगतो. ऑर्डरमध्येच लिहा: मूळ प्रोग्रॅम, त्यातल्या प्रत्येक इनपुट-आउटपुटचं नाव, स्क्रीनचा प्रोग्रॅम, वायरिंगचं जसं झालं तसं ड्रॉइंग, पासवर्ड आणि प्रोग्रॅमिंग केबल मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. दोन पेनड्राइव्हवर प्रत ठेवा, एक ऑफिसच्या तिजोरीत, एक घरी. कंत्राटदाराला दुरून बघता यावं म्हणून सिमकार्डचा राउटर लावला असेल तर सोय आहे, पण एरवी तो बंद ठेवा. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट व्हायरसने इराणमध्ये सीमेन्सच्या पीएलसीवरच हल्ला केला होता. तुमच्या जिनावर कुणी असा डाव टाकणार नाही, पण उघडं दार कुणालाही उघडंच असतं.

हंगामात एक मोह होतोच. प्रेसच्या दाराचा स्विच त्रास देतो, म्हणून वायरमन तिथे वायरचा तुकडा घालून स्विच शॉर्ट करतो. ‘आजची रात्र काढू.’ ती रात्र मार्चपर्यंत चालते आणि प्रेसचा दरवाजा उघडा असताना रॅम वर येतो. शॉर्ट करायचंच नाही असं मी म्हणत नाही. पट्ट्याच्या एखाद्या सेन्सरबाबत चालून जाईल. पण माणसाचा हात मशीनमध्ये जाईल अशा जागेच्या कुठल्याही स्विचला हात लावायचा नाही, आणि इतर ठिकाणी केलं तर लाल वायर वापरून वहीत तारीख आणि सही.

हंगाम संपल्यावर पॅनलचा मेन स्विच पाडून कुलूप लावलं जातं, तिथेच जुन्या पीएलसीचा घात होतो. अशा काही मॉडेलमध्ये प्रोग्रॅम बॅटरीवर टिकून असतो. वीज चालू असते तोवर बॅटरी खर्च होत नाही. सहा महिने वीज बंद राहिली की जुनी बॅटरी संपू शकते आणि मग ऑक्टोबरमध्ये पीएलसी कोरा निघतो. बॅटरीचा दिवा लागला असेल तर बॅटरी लगेच मागवा आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, शक्यतो वीज चालू असताना, बदला. नव्या मॉडेलमध्ये प्रोग्रॅम फ्लॅश मेमरीत राहतो, घड्याळ तेवढं मागे पडतं.

कुलूप लावण्याआधी पॅनल कोरड्या हवेच्या हलक्या झोताने साफ करा, केबल शिरतात ती भोकं बुजवा, पावसाळ्यात विजेचे लोळ येतात म्हणून सर्ज प्रोटेक्टर तपासा. पोळा झाला की पॅनलला वीज द्या, पण मोटारींचे ब्रेकर पाडूनच. मग एकजण पॅनलपाशी उभा राहील, दुसरा यादी घेऊन शेडभर फिरेल. प्रत्येक बटण दाबायचं, प्रत्येक सेन्सरसमोर लोखंडाचा तुकडा धरायचा, पॅनलवरचा दिवा लागला की मोठ्याने आकडा सांगायचा. जो दिवा लागला नाही त्याच्यापुढे यादीत फुली. दसऱ्यापर्यंत त्या फुल्या संपवायला फिटरकडे पुरेसे दिवस असतात.